फिफा क्रमवारीचे गुण स्वतः कसे मोजायचे

भारताचा सामना संपला की रत्नागिरीपासून बांद्यापर्यंतच्या फुटबॉलच्या व्हॉट्सॲप गटांवर आकडे फिरायला लागतात. 'आता दहा जागा वर', 'घरच्या मैदानावर हरलो म्हणून दुप्पट फटका', 'अजून दोन गोल मारले असते तर गुण वाढले असते'. यातलं बहुतेक चुकीचं असतं. गणित अवघड आहे म्हणून चुकत नाही, दहावीच्या पोराला जमेल इतकंच ते आहे. चुकतं ते तयारीत आणि पायऱ्यांच्या क्रमात. म्हणून इथे क्रमानेच जाऊ.

खालची रीत पुरुषांच्या राष्ट्रीय संघांची, ऑगस्ट २०१८ पासून लागू असलेली आहे. त्याआधी चार वर्षांच्या निकालांची सरासरी काढत. ते जुनं सूत्र अजूनही लोक एकमेकांना पाठवतात. कुठल्या लेखात 'चार वर्षांची सरासरी' किंवा 'प्रतिस्पर्ध्याच्या खंडाचा गुणक' दिसला तर तो लेख बाजूला ठेवा.

१. आधी कागदावर पाच गोष्टी लिहा

हिशेबाला बसण्याआधी हे पाच तपशील हातात हवेत:

१) दोन्ही संघांचे सामन्याआधीचे गुण. क्रमांक नव्हे, गुण. अधिकृत यादीत ते दोन दशांश स्थळांपर्यंत दिलेले असतात.
२) सामन्याची तारीख, आणि ती फिफाच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी राखलेल्या दिवसांत येते का.
३) स्पर्धा कोणती आणि तिची कुठली फेरी.
४) ९० मिनिटांचा, किंवा जादा वेळ झाला असेल तर १२० मिनिटांचा निकाल.
५) पेनल्टी शूटआउट झालं का, आणि झालं असेल तर ते एकाच सामन्याच्या बरोबरीमुळे की दोन सामन्यांच्या एकत्रित बरोबरीमुळे.

किती गोलांनी जिंकले, सामना कुठे झाला, कोण जखमी होतं, लाल कार्ड कुणाला मिळालं, यातलं काहीच लागत नाही. १-० आणि ७-० ला सारखेच गुण.

सावध: घरच्या मैदानाचाही विचार या सूत्रात नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला मडगावच्या फातोर्डा मैदानावर भारत सिंगापूरकडून १-२ असा हरला. सिंधुदुर्गातल्या माणसाला फातोर्डा म्हणजे दारातलं मैदान, त्यामुळे तो पराभव जास्त लागला हे खरं. पण गुणांच्या हिशेबात तो सामना सिंगापुरात झाला असता तरी तेवढेच गुण गेले असते.

२. हा सामना धरायचा की नाही, ते ठरवा

फिफाचे २११ सदस्य संघ आहेत. दोन सदस्यांचे मुख्य, म्हणजे वयाची अट नसलेले संघ एकमेकांशी खेळले तरच सामना धरला जातो.

म्हणून २३ वर्षांखालील संघाचे सामने वगळा. ऑलिंपिक आणि एशियाडमधलं पुरुषांचं फुटबॉल वगळा. आयएसएल, संतोष ट्रॉफी, ड्युरँड कप या देशांतर्गत स्पर्धांचा तर राष्ट्रीय क्रमवारीशी संबंधच नाही. कॅरिबियनमधल्या मार्टिनिकसारखा संघ त्याच्या खंडाच्या स्पर्धेत उतरतो, पण तो फिफाचा सदस्य नाही, त्यामुळे त्याच्याविरुद्धचा सामनाही हिशेबाबाहेर राहतो.

महिलांच्या संघासाठी ही रीत वापरू नका. त्या यादीचं सूत्र वेगळं आहे. तिथे घरच्या मैदानाचा फायदा धरतात आणि गोलांचाही विचार होतो.

३. सामन्याचं वजन ठरवा

प्रत्येक सामन्याला एक ठरलेला आकडा असतो. सोयीसाठी त्याला वजन म्हणू. हे वजन जेवढं मोठं, तेवढे जास्त गुण त्या सामन्यात पणाला लागतात.

• राखीव दिवसांच्या बाहेर खेळलेला मैत्रीपूर्ण सामना: ५
• राखीव दिवसांत खेळलेला मैत्रीपूर्ण सामना: १०
• नेशन्स लीगचा (युरोपसारख्या खंडांतली राष्ट्रीय संघांची लीग स्पर्धा) गटातला सामना: १५
• नेशन्स लीगचे प्लेऑफ आणि अंतिम टप्पा: २५
• विश्वचषकाची किंवा खंडाच्या स्पर्धेची पात्रता फेरी: २५
• खंडाची मुख्य स्पर्धा (आशियाई चषक, युरो, कोपा अमेरिका वगैरे), उपांत्यपूर्व फेरीच्या आधी: ३५
• तीच स्पर्धा, उपांत्यपूर्व फेरीपासून पुढे: ४०
• विश्वचषक, उपांत्यपूर्व फेरीच्या आधी: ५०
• विश्वचषक, उपांत्यपूर्व फेरीपासून पुढे: ६०

इथे हमखास होणारी चूक प्रादेशिक स्पर्धांची. दक्षिण आशियाई देशांची सॅफ स्पर्धा आपल्याला मोठी वाटते, मैदान भरतं, चषक मिळतो. पण ती आशिया खंडाची मुख्य स्पर्धा नाही. तिचे सामने मैत्रीपूर्ण सामन्यांच्या वजनात जातात, म्हणजे तारखेप्रमाणे ५ किंवा १०. तिला ३५ चं वजन लावून कोणी 'भारत इतका वर जाणार' म्हणत असेल तर त्याचा आकडा कित्येक पटींनी फुगलेला असतो.

उलट बाजूचा फटका आशियाई चषकात बसतो. जानेवारी २०२४ मध्ये कतारला भारत ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान आणि सीरिया या तिघांकडून हरला, आणि फेब्रुवारीच्या यादीत १०२ वरून ११७ वर घसरला. तीनही सामने ३५ वजनाचे होते. राखीव दिवसांतल्या मैत्रीपूर्ण लढतीत हेच पराभव झाले असते तर नुकसान तिसऱ्या हिश्शाहूनही कमी झालं असतं.

पडताळा: तारीख आणि फेरी या दोन्ही गोष्टी पाहिल्याशिवाय वजन लिहू नका. एकाच स्पर्धेत ते मध्येच बदलू शकतं.

४. अपेक्षित निकाल काढा

सगळ्या हिशेबाचं मर्म या पायरीत आहे, म्हणून इथे घाई करू नका.

अपेक्षित निकाल म्हणजे सामन्याआधीच्या गुणांवरून त्या संघाकडून किती कामगिरीची अपेक्षा होती, याचा ० आणि १ यांच्यामधला आकडा. सूत्र असं (^ म्हणजे घात):

अपेक्षित निकाल = १ ÷ (१०^(−फरक ÷ ६००) + १)

फरक म्हणजे आपले गुण वजा समोरच्याचे गुण. चिन्हाचा गोंधळ टाळायचा सोपा उपाय सांगतो. नेहमी वरचढ संघाचा आकडा आधी काढा. दुर्बळ संघाचा आकडा म्हणजे १ वजा तो.

मोबाइल आडवा धरला की बहुतेक कॅल्क्युलेटरमध्ये घाताची कळ दिसते. समजा फरक १०० गुणांचा आहे:

१) १०० ÷ ६०० = ०.१६६७
२) १० चा ०.१६६७ वा घात = १.४६८
३) १ ÷ १.४६८ = ०.६८१३
४) त्यात १ मिळवा = १.६८१३
५) १ ÷ १.६८१३ = ०.५९४८

म्हणजे वरचढ संघाचा अपेक्षित निकाल ०.५९४८, दुसऱ्याचा ०.४०५२.

कॅल्क्युलेटर हाताशी नसेल तेव्हासाठी वरचढ संघाचे काही आकडे लिहून ठेवा:

फरक ० : ०.५००
फरक ५० : ०.५४८
फरक १०० : ०.५९५
फरक १५० : ०.६४०
फरक २०० : ०.६८३
फरक ३०० : ०.७६०
फरक ४०० : ०.८२३
फरक ५०० : ०.८७२
फरक ६०० : ०.९०९

सावध: ६०० च्या जागी ४०० टाकू नका. बुद्धिबळाच्या रेटिंगमध्ये ४०० असतो. तिथून उचललेलं तयार कॅल्क्युलेटर इथे लावलं तर वरचढ संघाकडून अपेक्षा फुगते आणि सगळे आकडे बिघडतात.

पडताळा: वरचढ संघाचा आकडा ०.५ पेक्षा कमी आला तर चिन्ह उलटं पडलं आहे. दोघांची बेरीज बरोबर १ यायला हवी.

५. प्रत्यक्ष निकाल लिहा

जिंकला तर १, बरोबरी ०.५, हरला तर ०. जादा वेळेतला विजय हा पूर्ण विजयच, त्याला १.

शूटआउटमध्ये जिंकलेल्याला ०.७५ आणि हरलेल्याला ०.५ मिळतो. म्हणजे शूटआउट हरलेल्याची बरोबरी तशीच राहते, त्याच्या पदरातलं काही जात नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये मध्य आशियाई संघटनेच्या स्पर्धेत तिसऱ्या क्रमांकासाठी भारताने ओमानला १-१ बरोबरीनंतर शूटआउटमध्ये हरवलं. ओमान क्रमवारीत भारताच्या बराच वर होता, त्यामुळे भारताचा अपेक्षित निकाल ०.५ पेक्षा कमी होता आणि ०.७५ ने चांगली कमाई झाली. पण तिथे १ धरून मांडलेला हिशेब चुकीचाच.

एक बारीक अपवाद आहे. दोन सामन्यांची लढत असेल, दुसऱ्या सामन्यात एक संघ १-० जिंकला, एकत्रित गोल सारखे झाले आणि मग शूटआउट झालं, तर शूटआउट विसरा. त्या सामन्याचा निकाल लागलेलाच आहे: जिंकणाऱ्याला १, हरणाऱ्याला ०. पुढच्या फेरीत कोण गेलं याचा इथे संबंध नाही.

६. गुणाकार करा, आणि सामने तारखेच्या क्रमानेच घ्या

नवे गुण = जुने गुण + वजन × (प्रत्यक्ष निकाल − अपेक्षित निकाल)

सरावासाठी दोन कल्पित संघ घेऊ. अ चे ११५०, ब चे १०५०. पात्रता फेरी, वजन २५.

अ जिंकला: अ ला +१०.१३, ब ला −१०.१३
बरोबरी: अ ला −२.३७, ब ला +२.३७
ब जिंकला: अ ला −१४.८७, ब ला +१४.८७

मधली ओळ नीट पाहा. वरचढ संघाला बरोबरीतही गुण गमवावे लागतात. भारत-सिंगापूरचा पहिला सामना ९ ऑक्टोबर २०२५ ला सिंगापुरात १-१ सुटला. शेवटच्या क्षणी गोल करून भारताने बरोबरी साधली म्हणून आपण सुटकेचा निःश्वास सोडला, पण सिंगापूर क्रमवारीत खाली होतं, त्यामुळे त्या बरोबरीतही भारताचे थोडे गुण गेले.

आता क्रमाचा मुद्दा. शेवटच्या प्रसिद्ध यादीतले गुण घेऊन एकापाठोपाठचे दोन्ही सामने मोजणं ही सर्रास होणारी चूक. दुसऱ्या सामन्यासाठी पहिल्या सामन्यानंतरचे गुण घ्यायचे. वरच्या अ आणि ब यांची आधी बरोबरी झाली, मग ब जिंकला असं धरू:

पहिल्यानंतर अ ११४७.६३, ब १०५२.३७. फरक १०० चा ९५.२६ झाला.
दुसऱ्यासाठी अ चा अपेक्षित निकाल ०.५९०४.
पराभवात अ चे १४.७६ गेले. शेवटी अ ११३२.८७, ब १०६७.१३.

जुनेच गुण धरले असते तर अ चे ११३२.७६ आले असते. तफावत ०.११ ची. ती किरकोळ वाटेल, पण चार-पाच सामने साठले की वाढत जाते, आणि यादीच्या मधल्या भागात शेजारचे दोन संघ कधी कधी दशांशातच वेगळे असतात.

पडताळा: साध्या सामन्यात एकाने कमावलेले गुण म्हणजे दुसऱ्याने गमावलेले. दोघांच्या बदलाची बेरीज शून्य आली पाहिजे. शूटआउट असेल तर बेरीज वजनाच्या पाव पटीइतकी येते, उदाहरणार्थ वजन १० असेल तर २.५. यापेक्षा वेगळं काही आलं तर पुढे जाऊ नका, पाचवी पायरी पुन्हा पाहा.

७. बाद फेरीची सवलत तपासा

विश्वचषक किंवा खंडाच्या मुख्य स्पर्धेच्या बाद फेरीत उणे आलेले गुण कापले जात नाहीत. जिंकणाऱ्याला त्याचे गुण मिळतात, ज्याचे गुण उणे येतात तो होता तिथेच राहतो. वरचा शून्य बेरजेचा पडताळा त्यामुळे इथे लागू पडत नाही. ४८ संघांच्या विश्वचषकात ३२ संघांची फेरीही बाद फेरीच आहे: वजन ५०, आणि सवलत लागू.

गटातल्या सामन्यांना ही सवलत नाही. पात्रता फेरीला नाही. मैत्रीपूर्ण सामन्याला तर नाहीच.

हे सगळं एकत्र पाहायचं तर २०२२ चा विश्वचषक घ्या. अर्जेंटिना विश्वविजेता झाला आणि तरी डिसेंबरच्या यादीत दुसराच राहिला. ब्राझील पहिला, फरक ३ गुणांपेक्षाही कमी. तेव्हा आपल्याकडच्या अर्जेंटिनाप्रेमींनी फिफावर केवढा राग काढला. पण हिशेब स्वच्छ आहे. गटात अर्जेंटिना सौदी अरेबियाकडून १-२ हरला. गुणांचा फरक सुमारे ३३६, अपेक्षित निकाल ०.७८, वजन ५०, म्हणजे एका पराभवात सुमारे ३९ गुण गेले. पुढे नेदरलँड्स आणि फ्रान्स या दोघांविरुद्धचे विजय शूटआउटमधले, तिथे १ ऐवजी ०.७५. दोन्ही सामन्यांचं वजन ६०, म्हणजे प्रत्येकात ६० × ०.२५ = १५ गुण कमी मिळाले. यातला एक जरी सामना १२० मिनिटांत जिंकला असता तर अर्जेंटिना पहिला झाला असता. ब्राझीलचे गटात कॅमेरूनविरुद्ध गुण गेले, पण उपांत्यपूर्व फेरीत क्रोएशियाने शूटआउटमध्ये बाद केलं तेव्हा सवलतीमुळे काहीच कापलं गेलं नाही.

८. क्रमांकाचा अंदाज सगळ्यांत शेवटी

गुण मोजून झाले तरी क्रमांक सांगायची घाई करू नका. त्याच दिवसांत बाकीचे संघही खेळलेले असतात. आपल्या वर-खाली असलेल्या निदान दहा-दहा संघांचे गुण याच रीतीने काढा, मग उतरत्या क्रमाने लावा. संघ खेळलाच नाही तर त्याचे गुण हलत नाहीत, क्रमांक मात्र हलू शकतो. जुने निकाल शिळे होऊन गळतात ही समजूत जुन्या पद्धतीतली आहे.

आणि कुठली यादी कशासाठी वापरतात, तेही पाहा. २०२६ च्या विश्वचषकाच्या सोडतीसाठी नोव्हेंबर २०२५ ची यादी धरली. २०२७ च्या आशियाई चषकाच्या पात्रता फेरीची सोडत डिसेंबर २०२४ मध्ये झाली, तेव्हा भारत क्रमवारीमुळे पहिल्या पात्रात (सोडतीतल्या वरच्या क्रमांकाच्या संघांत) होता आणि वाट्याला हाँगकाँग, सिंगापूर, बांगलादेश आले. सोडत झाल्यावर मिळवलेल्या गुणांनी त्या सोडतीत फरक पडत नाही.

९. आपल्या तालुक्याच्या संघांसाठी हीच रीत

पावसाळ्यात क्रिकेटची खेळपट्टी चिखलात गेली की गावोगावी फुटबॉल सुरू होतो, आणि सोडत कशी काढायची यावर दरवर्षी वाद होतात. त्यासाठी ही पद्धत उत्तम चालते. काही गोष्टी मात्र हंगामाआधी ठरवा आणि मग बदलू नका.

पहिल्या दिवशी सगळ्या संघांना १००० गुण द्या. वजनं तीनच ठेवा: सरावाचा सामना ५, साखळी १५, बाद फेरी २५. ६०० चा भाजक तसाच ठेवा. बाद फेरीची सवलत द्यायची की नाही हे आधीच लिहून काढा. माझं मत विचाराल तर देऊ नका. संघ कमी असतात, आणि सवलतीमुळे दरवर्षी नवे गुण यादीत येत राहून जुन्या-नव्या आकड्यांची तुलना बिघडते.

दोन अडचणी इथे जास्त जाणवतील. पहिली चाकरमान्यांची. मे महिन्यात किंवा गणपतीत मुंबईची मुलं गावी आली की संघ निम्मा बदलतो, पण सूत्राला फक्त संघाचं नाव कळतं. राष्ट्रीय क्रमवारीतही हेच होतं, मुख्य खेळाडू नसले तरी अपेक्षा तेवढीच धरली जाते. सुट्टीतल्या स्पर्धेसाठी वेगळी यादी ठेवणं हा त्यावरचा सोपा तोडगा.

दुसरी अडचण बंद वर्तुळाची. दोडामार्गचे संघ आपापसांत खेळत राहिले आणि देवगडचे आपापसांत, तर दोन्हीकडच्या ११०० गुणांचा अर्थ सारखा राहत नाही, कारण गुण त्याच वर्तुळात एकाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात फिरतात. वर्षातून काही सामने दोन तालुक्यांत झाले पाहिजेत. तोवर जिल्ह्याची एकत्र यादी लावू नका.

नोंदवही ठेवणारा एकच असावा. सामन्याआधी दोन्ही संघांचे गुण आणि अपेक्षित निकाल लिहून दोन्ही कर्णधारांना दाखवायचे, सामन्यानंतर फक्त निकाल भरायचा. पावसाने सामना अर्धवट थांबला तर पूर्ण होईपर्यंत तो रकाना कोरा ठेवा. तो नंतर जेव्हा पुरा होईल, तेव्हा त्या दिवशीचे गुण धरून अपेक्षित निकाल नव्याने काढा, कारण मधल्या सामन्यांनी दोघांचे गुण बदललेले असतात.